पारा खाली येईना

अंगणवाडीच्या पत्र्याच्या खोलीत डॉक्टर खोब्रागडे शिरल्या, आणि एकही मूल रडलं नाही. एरवी त्यांची बॅग दिसली तरी पोरं भोकाड पसरायची. आज अठरा मुलं चटईवर नुसती पडून होती. रडणाऱ्या पोरांची डॉक्टरांना कधी भीती वाटली नव्हती. भीती वाटायची ती गप्प पोरांची.

मागोमाग तालुक्याचे साहेब रुमालाने मान पुसत आले. उन्हाळ्यात ही खोली दुपारी बंद ठेवा, अशी डॉक्टरांची पाच पत्रं गेल्यावर आज कुठे ते फिरकले होते. "मॅडम, चंद्रपूरला ऊन काय नवीन आहे का? तुम्ही पोरं तपासा, हवामानाचं आमच्यावर सोडा."

डॉक्टर एका मुलीपाशी बसल्या. बॅगेतून काचेचा थर्मामीटर काढून त्यांनी सवयीने झटकला, पाहिला, पुन्हा झटकला. मनगट दुखेपर्यंत झटकला. पारा खाली येईना.

साहेबांनी वाकून आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एकशे पाच! बापरे, उचला हिला, माझी गाडी आहे. कधीपासून ताप आहे?"

"साहेब," डॉक्टर म्हणाल्या, "थर्मामीटर अजून हिला लावलाच नाही. हा आकडा या खोलीचा आहे."

साहेबांनी वर पत्र्याकडे पाहिलं. मग घाईघाईने समोरचं मूल छातीशी उचललं.

परक्या माणसाने उचलूनही ते रडलं नाही.