बॅटची कड

“टेप सापडली!” निवेदिकेने टाळी वाजवून जाहीर केलं आणि स्टुडिओतले दोनशे लोक उभे राहिले. कॅप्टन तेवढा बसून राहिला.

त्याच्याच कार्यक्रमाचा हा शंभरावा भाग, म्हणून आज त्याला पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं होतं. एरवी तो समोरच्या खुर्चीत असे. भांडलेले भाऊ, फसलेले भागीदार, अबोला धरलेल्या जावा त्याच्यापुढे येत. सगळ्यांचं ऐकून झालं की तो एवढंच म्हणे, “लागली असेल तर निघा.” म्हणजे चूक झाली असेल तर कबूल करा. ते वाक्य ट्रकच्या मागे, शाळेच्या फळ्यावर आणि शेवटी निवडणुकीच्या फलकावर जाऊन बसलं होतं.

त्यामागची गोष्ट पोराटोरांनाही पाठ होती. तीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात कॅप्टन एकेचाळीसवर खेळत होता. चेंडू बॅटजवळून विकेटकीपरच्या हातात गेला. कोणी अपील केलं नाही, पंच जागचा हलला नाही. आणि हा पठ्ठ्या बॅट काखेत मारून सरळ तंबूत परत. सामना गेला, पण माणूस जिंकला, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. संघाचं कर्णधारपद त्याला जन्मात मिळालं नाही, तरी लोक तेव्हापासून कॅप्टनच म्हणू लागले. पुढे पक्षाने तिकीट दिलं, मग मंत्रिपदही दिलं.

बॅट लागलीच नव्हती. आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत एक माणूस आला होता आणि “पन्नास करायचे नाहीत,” असं हळू आवाजात सांगून गेला होता. कॅप्टनने दोनदा हवेत मारून पाहिलं. दोन्ही झेल सुटले. एरवी न भेटणारं नशीब त्या दिवशी हात धुऊन मागे लागलं होतं! मग दुसरं काही सुचेना, तेव्हा तो चालू लागला. कीपरला वाटलं, आपल्यालाच ऐकू आलं नसेल. बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्याची आई बारा वर्षं सुखाने राहिली आणि लेकाचे गोडवे गात गेली. तो हॉटेलातला माणूसही केव्हाच वारला होता.

गंमत अशी की, त्या खोट्यानेच कॅप्टनला सरळ केलं. लोक आपल्याला जसं समजतात तसं निदान आता वागावं, या धाकात तो जगला. मंत्री झाल्यापासून एकाही वाकड्या कागदावर त्याची सही नव्हती. म्हणून तर महिनाभर पक्षाच्या अध्यक्षांशी त्याचं बिनसलं होतं. अध्यक्षांच्या जावयाने बांधलेल्या सरकारी हॉस्पिटलच्या खांबांना उद्घाटनाआधीच भेगा पडल्या होत्या, आणि इमारत सुरक्षित आहे या दाखल्यावर कॅप्टनची सही हवी होती.

“दादा, चारशे खाटा आहेत तिथे. माझ्या हातून नाही व्हायचं,” त्याने तोंडावर सांगितलं होतं.

अध्यक्ष रागावले नाहीत. “बघू,” एवढंच म्हणाले.

“ही स्टंपमधल्या माइकची टेप!” निवेदिका सांगत होती. “इतकी वर्षं गोदामात धूळ खात पडली होती. आमच्या साउंड इंजिनिअरने तिच्यातला गोंगाट काढून टाकलाय. लागली होती, हे आज सगळा देश आपल्या कानांनी ऐकणार आहे!”

त्या टेपवर काय आहे हे कॅप्टनला पक्कं ठाऊक होतं. काहीही नाही. पहिल्या रांगेत बायको आणि लेक बसल्या होत्या. लेकीने मोबाइल उंच धरला होता. आता आपणच बोलून टाकावं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने हात वर केला. लोकांना वाटलं, तो शांत राहायला सांगतोय. स्टुडिओ चिडीचूप झाला.

टक्.

स्वच्छ आवाज आला. लोक टाळ्या वाजवत नाचायला लागले. बायकोने डोळ्यांना पदर लावला. कॅप्टन तोंड उघडं ठेवून बसला आणि मग ढसाढसा रडला. खरंच लागली होती की काय? तीस वर्षं आपण उगाच स्वतःला खात बसलो? त्याला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

मेकअपच्या खोलीत साउंड इंजिनिअर त्याच्या कॉलरचा माइक काढायला आला. चाळिशीतला, टक्कल पडलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. आधी तो कॅप्टनच्या पाया पडला.

“साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. टेपवर आवाजच नव्हता. जुनी टेप, तेवढीच जागा खराब झाली असणार. आठ दिवस झटलो, पण नाही म्हणजे नाही. शेवटी घरी माझीच जुनी बॅट घेतली, तिच्या कडेला बॉल घासला आणि तो टक् बसवला. लहानपणी तुमचं बघून मी घरात चोरी कबूल केली होती, साहेब. तुमच्या सत्याला आवाज नाही म्हणजे काय!”

कॅप्टनने खुर्चीचा हात घट्ट धरला. “हे कोणाला बोललास?”

“छे हो! बायकोलासुद्धा नाही.”

“आणि मूळ टेप?”

“ती अगदी सुखरूप आहे. एवढी मोठी ठेव आमच्या कपाटात कुठे ठेवायची? तुमचे अध्यक्ष परवा स्वतः येऊन घेऊन गेले. जाताना तीनदा ऐकली त्यांनी, साहेब. फार खूश झाले.”