स्वयंपाकघरापर्यंत

"कार्यक्रम कुठं आहे, काकू?" वाद्यांच्या दुकानदारानं विचारलं.

"घरीच."

"माणसं किती असतील?"

"एक. मीच."

दुकानदार गोंधळला. टेबलावर त्यानं आवाज मोठा करणारे तीन अ‍ॅम्प मांडले होते. काकूंनी जुन्या उशीच्या अभ्र्यातून आणलेल्या, चिमुकल्या गिटारसारख्या युकुलेलेला वायर जोडायला जागाच नव्हती, म्हणून त्यानं त्याला चिमट्यासारखा एक मायक्रोफोन अडकवला आणि झोकात तारा छेडल्या. दुकान दणाणलं.

"एवढासा जीव, पण आवाज बघा कसा खणखणीत. यात एको पण आहे."

"एको नको," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही फार जोरात वाजवताय. डाव्या अंगठ्यानं वाजवा. अगदी हळू, अंगात ताकद नसल्यासारखं. आणि तुमच्याकडे नळ कुठं आहे?"

आता सांगणं भागच होतं. काकूंचा नवरा बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचा. स्टँडवर त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि घरी तरी काय वेगळं होतं? बाहेरच्या खोलीतून "अगं, ऐकलंस का" अशी हाक आली की शेजारचेसुद्धा दचकायचे. काकू हातातलं टाकून धावत जायच्या, तर हा म्हणणार, "काही नाही, सहज." काकूंचं डोकं फिरायचं. तुमच्या त्या सहजापायी माझं दूध उतू जातं, म्हणून किती वेळा भांडण झालं असेल.

मग झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आवाज परत यायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. माणूस हाती लागला हे काय थोडं झालं, असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि अगदी मनापासून सांगायच्या. राहिला डावा हात आणि निवृत्तीच्या दिवशी स्टँडवरच्या मंडळींनी दिलेलं हे युकुलेले. काही लागलं की नवरा पडल्या पडल्या अंगठ्यानं तारा छेडायचा. पण तो आवाज दारापर्यंतसुद्धा जेमतेम पोचायचा.

"परवा हे खाटेवरून घसरले," काकू म्हणाल्या. "मी आत भांडी घासत होते, नळ सोडलेला. किती वेळ वाजवत होते देव जाणे. मी आले तेव्हा खाली पडलेले, आणि अंगठा चालूच. मला ऐकूच आलं नाही हो."

"मग साधी घंटी ठेवायची ना, काकू."

"मुलीनं आणली होती की. ह्यांनी माझ्याकडे बोट केलं, मान हलवली आणि दिली ढकलून. बायकोला काय घंटी वाजवून बोलवायचं? वाचा गेली, पण हेका काही गेला नाही."

दुकानदार हसला. मग त्यानं युकुलेले छातीशी धरलं आणि डावा अंगठा तारांवर ठेवला. मागच्या बाजूला चहाचे कप विसळायचं बेसिन होतं. काकूंनी तिथं जाऊन नळ पूर्ण सोडला, हातात दोन कप घेतले आणि ते विसळायला लागल्या.

"वाजवा," त्या ओरडल्या.

पहिल्या अ‍ॅम्पची नुसती खरखर आली. दुसऱ्याचा आवाज छान पोचला, पण तो उचलून बघताना काकूंना धाप लागली. खाट दुपारी खिडकीशी सरकवायची, संध्याकाळी परत भिंतीशी. खाट ढकलता येते, पण हे धूड रोज दोनदा कोण उचलणार? तिसरा बॅटरीवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा. काकू पुन्हा नळाशी जाऊन उभ्या राहिल्या. पाण्याच्या आवाजातून तारा ऐकू आल्या, बारीक पण स्वच्छ.

"आली," काकू म्हणाल्या. "हाक आली."

त्यांनी नळ बंद केला. तोंडावरून पदर फिरवूनच त्या बाहेर आल्या.

दुकानदारानं आवाजाच्या बटणापाशी लाल पेनानं खूण करून दिली. चिमटा कसा लावायचा, बॅटरी कशी चार्ज करायची, सगळं दोनदा समजावलं. काकूंनी त्याला हातच जोडले. "भाऊ, फार उपकार झाले तुमचे," त्या म्हणाल्या. तो बिचारा उगाच वायर गुंडाळत बसला.

घरी येऊन काकूंनी अ‍ॅम्प खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला, बटण खुणेपर्यंत फिरवलं आणि युकुलेले नवऱ्याच्या हाताखाली दिलं. "काही लागलं तर वाजवा. लाजायचं नाही," असं बजावून त्या आत गेल्या. दूध तापत ठेवलं. नळ सोडला.

लगेच तारा वाजल्या. काकू धावल्या. "काय झालं? पाणी हवंय?"

नवऱ्यानं मान हलवली. नको.

"मग उशी सरकवू?"

तेही नको. काकू आत गेल्या, तर पुन्हा तारा. ओल्या हातांनी बाहेर आल्या. पंखा विचारला, पांघरूण विचारलं, कुठं दुखतंय का विचारलं. काहीच नाही. चेहरा मात्र भलताच खुशीत. काकूंना वाटलं, यंत्र बिघडलं की काय. त्यांनी चिमटा नीट बघितला आणि परत आत गेल्या. दूध वर यायला लागलं होतं. त्या गॅसकडे हात नेतायत, तोच तिसऱ्यांदा हाक आली.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. त्या समोर दिसत होत्या तरी नवऱ्यानं अंगठ्यानं आणखी एकदा तारा छेडल्या आणि अर्ध्या ओठांनी हसला.

"सहज?" काकूंनी विचारलं.

त्यानं मान डोलावली.

आत दूध उतू गेलं, गॅसवर चर्र झालं. "जाऊ दे," म्हणत काकू खाटेवर त्याच्या शेजारी बसल्या.