पाणवठ्याचा पडदा

"एक शब्द बोलली तरी पुरे, मास्तर," उकंडा म्हणाला. "शिव्या दिल्या तरी चालन."

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमागं टिनाच्या शेडात धर्मपाल मास्तर रंगासाठी सरस कढवत होते. त्यांनी मान वर करून आधी उकंडाकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर उकंडानं घरातले देव टोपल्यात भरून अरुणावतीत सोडले, तेव्हापासून पंचफुलाच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. देवांचं तिला काही नव्हतं. पण तिच्या गळ्यात सवतीचा टाक होता, चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली नखाएवढी बाई. उकंडाची पहिली बायको रुखमा वारली आणि ही आली, तेव्हा सासूनं रिवाजाप्रमाणे तो हिच्या गळ्यात बांधला. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग नेसायचं. गोडाचा पहिला घास तिच्या नावाचा. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासोबत पंचफुलानं सहा वर्षं संसार केला, आणि एका सकाळी उकंडानं दोरा तोडून तिला पाण्यात टाकलं.

भगताकडे जायची आता सोय नव्हती, प्रतिज्ञा घेतलेल्या. डॉक्टर म्हणे घसा ठणठणीत आहे. राहता राहिले मास्तर.

मास्तर नाटकाचे पडदे रंगवत, नाटकं बसवत आणि गाजावाजा न करता मनानं आजारलेल्यांना बरं करायचं तिसरं कामही करत. राजूरच्या खाणीत दबून निघालेला एक जण झोपत नव्हता, तर त्यांनी त्याच्या हातात काजळीचा डबा दिला. त्यानं आख्खा पडदा काळा केला आणि तिथंच घोरू लागला. नाटकमंडळीला रात्रीचा सीन फुकटात मिळाला. भूतबीत काही नसतं, मनात अडकलेलं हातानं बाहेर काढायचं, एवढंच मास्तरांचं शास्त्र. जलशात ते भुतांची अशी टर उडवत की लोक पोट धरून हसत.

"ठेवून जा इले," ते उकंडाला म्हणाले. "दिवस कलला की ये."

शेडात नव्या नाटकाचा पडदा बांबूला ताणून ठेवला होता. नदी, घाट, पायऱ्या. माणूस एकही नाही. मास्तरांनी पंचफुलाच्या हातात कुंचला दिला.

"काढ बाई, काय वाटते ते. बिघडलं तं बिघडलं."

तिनं बसूनच पडदा वरपासून खालपर्यंत निरखला. मग उठली आणि खालच्या पायरीवर एक बाई काढू लागली. भिंती पोतारणारा हात, कुंचला कधी धरलेला नाही, पण तो कुठं अडला म्हणून नाही. मास्तर आपलं काम टाकून पाहत राहिले. त्यांना वाटलं, ही रंग लावत नाही, पुसते आहे. कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसावी तशी. बाई तिथं आधीपासूनच बसलेली होती. वर टिन तापलं होतं, तरी मास्तरांनी उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं.

हिरवं लुगडं. रुंद कपाळ. एका भुवईचं टोक तुटलेलं. उजवा हात कपाळासमोर धरलेला, तळवा बाहेर. तोंडाची जागा तेवढी कोरी. पंचफुलानं कुंचला खाली ठेवला, हात धुतले आणि पडद्याशेजारी जाऊन बसली.

उन्हं उतरल्यावर उकंडा आला. मास्तरांना कोणीतरी बोलायला हवंच होतं.

"पाह्य, तुह्या बायकोनं काय पोज देली," ते म्हणाले. "ऊन लागते म्हणून हात धरला. आमाले सुचत नाही असं."

उकंडाच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे रुखमा आहे."

"कायच्यावरून?"

"भिवई."

मास्तरांना हायसं वाटलं. भुवईचा उलगडा सोपा होता. "मंग तुह्या मायनं सांगतलं असन इले. साऱ्या गावानं पाह्यली असन ते भिवई."

"भिवई पाह्यली. हात नाही पाह्यला कोणी." उकंडा पडद्यापासून मागं सरकला. "ते ऊन नाही आडवत, मास्तर. घरात होतो आम्ही. दार लावलं होतं मी. आम्ही दोघंच होतो."

मास्तरांनी आपलं शास्त्र मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं. ते चूक नव्हतं. पण कोणाच्या मनातलं कोणाच्या हातातून बाहेर आलं, एवढं काही त्यात बसेना. सरळ सांगायचं तर ते घाबरले होते, आणि घाबरलं की त्यांच्या हाताला काम लागे. त्यांनी गेरूत कुंचला बुडवला. "तोंड तेवढं राह्यलं," असं पुटपुटत ते पडद्याकडे वळले.

"नाही!" उकंडा आडवा आला. "तोंड नका काढू. पाया पडतो तुमच्या. फाडा पाह्यजे तं पडदा, पण तोंड नका काढू तिले."

मास्तरांचा हात तसाच थांबला.

बाजूनं आवाज आला. बरेच दिवस न वापरलेला, खरबरीत, पण अगदी शांत.

"नका काढू, मास्तर," पंचफुला म्हणाली. ती मास्तरांकडे नाही, उकंडाकडे बघत होती. "तिले आता तोंडाचं काय काम? मी आहो नं."