बंद फोन

मोबाइल दुरुस्तीच्या त्याच्या दुकानावरून एक अॅम्ब्युलन्स आईच्या गल्लीकडे वळली. उगाच मनात शंकेची पाल चुकचुकली, म्हणून त्याने आईला फोन लावला, तर बंद. पाच वेळा लावला, तरी बंदच. चार्जिंगचे सगळे नियम त्याने स्वतः तिला पढवले होते. तिच्या फोनची बॅटरी उतरणं शक्यच नव्हतं. गिऱ्हाइकाचा उघडा फोन तसाच टाकून तो धावत सुटला.

तीन जिने चढून त्याने दार बडवलं. ते उघडायला आईला मिनिटभर लागलं, पण तेवढ्यात त्याच्या डोळ्यांसमोर नाही नाही ते येऊन गेलं.

"फोन कुठाय तुझा?" तो धापा टाकत जवळजवळ ओरडलाच.

"फ्रिजमध्ये. भाजीच्या खणात."

"फ्रिजमध्ये? अगं, का?"

"तूच म्हणाला होतास ना, फोन वापरात नसेल तर बॅटरी अर्धी भरायची, फोन बंद करायचा आणि थंड जागी ठेवायचा, म्हणजे खूप वर्षं टिकते..."

 

"दोन महिने वाट पाहिली रे," आई पुढे म्हणाली, "एकदाही वाजला नाही. मग दिला ठेवून."