अंधार नीट दाखवणारा टीव्ही

कंपनीचा डेमो कुणालाच पटत नाही. शिरूरच्या माझ्या दुकानात टीव्ही घ्यायला येणारे लोक आपल्याच लग्नाचा पेनड्राइव्ह घेऊन येतात. माऊली आणि त्याची बायको अनिताही तसेच आले.

मी दोन टीव्हींवर त्यांची वरात लावली आणि लोखंडी आकडीनं शटर अर्ध्यावर ओढलं. "ह्यो एलईडी उजेडात झगमगतो, पण त्याच्या मागं लाइट कायम चालू असती, म्हणून अंधार करडा दिसतो. ह्या ओलेडचा ठिपकान् ठिपका आपला आपण विझतो. ह्यातलं काळं बघा."

एलईडीवर घोड्यामागचा ऊस म्हणजे नुसता करडा धूर होता. ओलेडवर त्याच उसात एक माणूस दुसऱ्याला सळईनं मारत होता.

खाली पडलेल्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा होता.

"माझा भाऊ हाय त्यो," अनिता म्हणाली. "वरातीतनंच गायब झालाय."

मारणाऱ्यानं तोंड वळवलं. तो माऊली होता. घोड्यावर बसलेला नवरदेवही माऊलीच होता.

मी घाईनं व्हिडिओ थांबवला. दोन्ही टीव्हींवर घोडा थबकला, फटाक्याच्या ठिणग्या हवेतच राहिल्या. ओलेडच्या अंधारातला हात मात्र वर जात होता, खाली येत होता. गुलाबी फेटा लाल होत गेला.

"अहो," अनिता म्हणाली, "तुम्ही तर घोड्यावर होता ना?"

माऊलीनं कोपऱ्यातली आकडी उचलली.

"मच्छिंद्रशेठ, अजून थोडा अंधार पायजे," तो म्हणाला, आणि त्यानं शटर जमिनीपर्यंत ओढलं.