वाडग्याचा तळ

आमच्या कुरुमे गावात डुकराच्या हाडांचा रामेन म्हणजे रस्सा कसला, साय ती! तो पार संपवला की वाडग्याच्या तळाशी 'आभारी आहोत' असं लिहिलेलं दिसतं. इसायामाकाका दर शनिवारी माझ्या दुकानात ते वाचूनच उठायचे, अगदी डॉक्टरांनी रस्सा बंद केल्यावरसुद्धा.

एकदा त्यांची मुलगी चिझुरू कुंभाराकडून खास करून घेतलेला वाडगा घेऊन आली. "मालक, त्यांना आता यातच वाढा."

"अगं, जे सांगायचं ते तूच सांग ना त्यांना!" वाडग्याचा तळ बघून मी म्हटलं, तर ती मान खाली घालून निघून गेली.

शनिवारी काकांनी वाडगा तोंडाला लावला आणि रिकामा केला. तळाशी अक्षरं होती: 'बाबा, रस्सा सोडायचा. कळलं?' काका बघतच राहिले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्याच दिवशी पुन्हा दारात! "तोच वाडगा दे रे. काठोकाठ भर."

मी हात टेकले. "काका, पोरीनं एवढं बजावलंय, तिचं तरी ऐका!"

"तिची आई गेल्यापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही रे. 'बाबा' म्हणते ती फक्त इथं, तळाशी."