मिशीची हमी

“आमच्या कंपनीचं कुलूप दुसऱ्या कुठल्याही किल्लीनं उघडलं, तर ही मिशी उतरवून तुमच्या टेबलावर ठेवीन!” कुलपांच्या विक्रेत्यानं मिशीला पीळ दिला. “आणि मी काही परका नाही बरं का. याच वसाहतीत संसार मांडला होता. डोळे बांधून सोडा, घरी जाऊन दाखवतो.”

वसाहतीच्या कमिटीतले लोक हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. नमुन्याचं कुलूप गेल्या आठवड्यात कंपनीच्या कारागिरानं त्यांच्याच दाराला बसवलं होतं. साऱ्या वसाहतीची कुलपं बदलायची होती, आणि ते काम बाईंच्या सहीवर अडलं होतं. विक्रेत्याची नोकरीही तिथंच अडली होती. ‘ऑर्डर आणा, नाहीतर घरीच बसा,’ असं साहेबांनी निघतानाच सुनावलं होतं.

“मिशी राहू द्या तिथंच,” बाई म्हणाल्या. “जेवून या. दुपारी सही करू.”

जेवायचं कुणाला सुचतंय! सकाळी स्टेशनवरून येताना एकही रस्ता ओळखीचा वाटला नव्हता. सगळं शहर कुणीतरी पुसून नव्यानं लिहिल्यासारखं. वसाहत तेवढी तशीच होती, तीच पिवळी, तीच पोपडे आलेली. फाटकापासून चौथी इमारत, तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. पाय आपोआप निघाले.

जिन्याच्या वळणावर तो थांबला. इथंच त्यांचं नवं कोरं कपाट अडकलं होतं. बायको वरच्या बाजूला, तो खालच्या. हमाल पळून गेलेले. दोघांनी अर्धा दिवस कपाटावरून चहाचे कप सरकवत काढला होता. लग्नाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. इतक्या निवांत गप्पा पुन्हा कधी झाल्या नाहीत.

त्यानं दार वाजवलं. घरात कुणी नव्हतं. जुन्या घराची एक किल्ली त्याच्या जुडग्यात अजून लटकत होती. तेव्हाही कुलूप याच कंपनीचं होतं. ‘असू दे, तुम्हाला काय ओझं होतंय?’ म्हणून बायकोनं ती कधी काढू दिली नव्हती. त्यानं ती उगीच, मनाच्या समाधानासाठी, कुलपात घातली.

किल्ली फिरली. दार उघडलं.

कुलूपवाला असता तर इथंच दचकला असता. पण आत शिरला तो नवरा. त्यानं बायकोला फोन लावला. “अगं, घरानं ओळखलं मला!”

“अहो, आधी स्वयंपाकघराची चौकट बघा. चिमीच्या उंचीच्या रेघा आहेत का?”

होत्या. एकावर एक, जरा तिरप्या. पोरगी कधी सरळ उभी राहायची? त्यानं रेघांवरून बोट फिरवलं, फोटो काढला, पाठवला. तिकडं बायको रडायला लागली, इकडं तो.

“कुणाच्या घरात रडताय?”

भाजीची पिशवी घेऊन अध्यक्षबाई दारात उभ्या होत्या.

“बाई, तुम्ही आमच्या घरात राहता?” त्यानं डोळे पुसत विचारलं.

“तुमचं कुठलं? मी माझ्या घरात राहते.”

“फाटकापासून चौथी इमारत...”

“चौथी कधीच पाडली. तिथं आता गाड्या लावतात. ही पाचवी.” बाईंची नजर चौकटीवर टेकलेल्या त्याच्या बोटाकडे गेली. “आणि तिथं आमचा फ्रीज घासला होता. ते जाऊ द्या. तुम्ही आत कसे आलात?”

त्यानं हातातल्या किल्लीकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग दोघांनी मिळून दाराकडे पाहिलं. नमुन्याचं कुलूप चकचकत होतं.

“बावीस वर्षांची जुनी किल्ली आहे, बाई,” तो म्हणाला. “बघा, काय टिकाऊ माल!”

ऑर्डर बुडाली. शब्द तेवढा उरला होता. तो पाळवून घ्यायला बाई जातीनं त्याला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये घेऊन गेल्या. न्हावी मात्र जुनाच होता. एवढ्या मोठ्या शहरात त्याला ओळखणारा तो एकटाच निघाला.

“अरे, तुम्ही! मिशीवरून लगेच ओळखलं बघा,” न्हावी म्हणाला, आणि त्यानं वस्तरा चालवला.

संध्याकाळपर्यंत फ्रीजच्या रेघांचा फोटो सासरी असलेल्या चिमीपर्यंत पोचला. ‘बाबा, किती इवलीशी होते मी!’ असं तिनं लिहिलं. त्यानं खुलासा केला नाही.

तो हॉटेलवर परतला तेव्हा काउंटरवरची पाळी बदलली होती. नव्या मुलीनं ओळखपत्र मागितलं. तिनं फोटोकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खोलीची किल्ली दिली नाही.